जुन्या तांदळावर बसणाऱ्या वन्सं

वन्सं, तुमचा डबा रिकामा निघाला.

हे आधी सांगून टाकते. बाकीचं बोलायला लागले की हेच राहून जाईल, आणि तुम्ही म्हणाल, "शांता, मुद्द्याचं बोल." मुद्द्याचं बोलायची सवय तुम्हाला. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला तुमचा. बाळ आडवं का उभं एवढं आधी विचारायचं, बाकीच्या गप्पा नंतर. माझं तसं नाही. मला आधी चूल पेटवावी लागते, आधण ठेवावं लागतं, मग कुठं बोलण्याला उकळी येते. तरी आज तुमच्या पद्धतीनं सुरुवात केली बघा.

तुमचा जन्म कधीचा, नोकरी कुठं कुठं झाली, हे सगळं आपल्या सुधीरनं आठवणीच्या कार्डावर छापून वाटलं. चांगलं छापलंय. फोटोत तुम्ही हसताय, त्यामुळं आळीतल्या दोघीतिघींनी विचारलं, या कोण म्हणून. पण त्या कार्डात डबा नाही. आणि डब्याशिवाय तुमची गोष्ट सांगायची म्हणजे काय सांगायची?

आपल्या भाटघरच्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तो पत्र्याचा डबा, त्याच्यावर गोणपाटाची घडी, आणि घडीवर तुम्ही. लसूण सोलायला तिथं, नारळ खवायला तिथं, मला बोलायला तिथं. रेश्मा सून होऊन आली तेव्हा तिला वाटलं, आत्यांना बसायला काही नाही बिचाऱ्यांना. तिनं पुण्याहून गादीची खुर्ची आणली. तुम्ही तिचं तोंडभर कौतुक केलंत आणि खुर्चीवर मांजर बसवलंत. ते अजून तिथंच बसतंय.

मलाही पहिली काही वर्षं कळलं नव्हतं की तुम्ही बसत नव्हता, राखण करत होता. डब्यात तांदूळ. गेल्या वर्षीचा आंबेमोहोर, नाताळच्या अनारशांचा. दुसऱ्या कशालाही त्याचा दाणा मिळायचा नाही. एका आषाढात पोत्यातला तांदूळ संपला, पावसानं गाडी बंद, भोरला जाता येईना. आपण दोन वेळच्या भाकरी खाल्ल्या. तुमचे बंधू म्हणाले, "आक्का, डब्यातला वाटीभर काढ, वरणभात तरी होईल." तुम्ही नुसतं बसल्या जागी जरा जड झालात. बस. तो विषय संपला.

मी नगरकडची, ज्वारीच्या मुलखातली. आमच्याकडं नाताळला करंज्या, बुंदी, शेव, आणि दुपारी मटणाचा रस्सा आणि भाकरी. अनारसा मी पहिल्यांदा तुमच्या हातचा खाल्ला. खाल्ला आणि भांडण सुरू झालं. कारण इथं कापणी होते, नवा तांदूळ घरात येतो, सगळ्या घराला वास सुटतो, आणि तुम्ही तो बाजूला सारून वर्षभराचा पिवळट तांदूळ भिजत घालणार. मी म्हणायची, "वन्सं, एवढा सुवासाचा तांदूळ सोडून हा म्हातारा कशाला?" तुम्ही म्हणायचात, "नवा तांदूळ चिकट असतो. त्याला गुळाची संगत सोसत नाही, तुपात गेला की हसतो, सगळा पसरून जातो. ज्वारीच्या मुलखातल्या बाईला तांदळातलं काय कळतंय?" मी म्हणायची, "एकदा करून तर बघू." तुम्ही म्हणायचात, "तूप वर आलंय का?"

दरवर्षी हेच. न चुकता. कंदिलाची चांदणी ओट्यावर लागली की आपलं भांडणही लागायचं. गेल्या नाताळला मी हट्टालाच पेटले. म्हटलं, "माझी आता साठी उलटली. एक घाणा तरी मला नव्या तांदळाचा करू द्या." तुम्ही झाऱ्यानं अनारशावर तूप उडवत होता. मान वर न करता म्हणालात, "मी मेल्यावर कर."

आपण दोघी किती हसलो. हे बाहेरून पेटी वाजवायची थांबवून विचारायला आले, काय झालं म्हणून.

आणि मग तुम्ही खरंच गेलात. कापणीच्या दिवसांत, खाचरात माणसं असताना. सगळी आळी विळे ठेवून आली. दिवाळी नुकतीच झाली होती. जायच्या आधी पंधरा दिवस तुम्ही खाटेवर होता, तेव्हा मला जवळ बोलावलंत. मला वाटलं काहीतरी मोठं सांगणार. मी खाटेच्या कडेवर बसले, हात धरला. तुम्ही म्हणालात, "माझ्या वर्षात कढई पालथी ठेवलीस तर बघ." एवढंच. मी मान हलवली. मला बोलता येईना, आणि मला बोलता येत नाही असं बघून तुम्हाला जरा गंमतच वाटली.

आता कढईचं काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या गावात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षाच्या सणाला तळण नसतं. शेजारच्या घरांतून ताटं येतात. आपल्यात तसं पाळत नाहीत, पण इतकी वर्षं एका आळीत राहून त्यांचं आपल्याला आणि आपलं त्यांना लागलंच आहे. दिवाळीला त्यांची ताटं आपल्याकडं, नाताळला आपली त्यांच्याकडं, आणि ताट रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. त्यामुळं यंदा माझ्या मनात घालमेल चालली होती. तुमचा शब्द एकीकडं, आळीतल्या बायांची तोंडं दुसरीकडं. तेल तापल्याचा वास काय लपवता येतो? माझी नणंद गेली आणि मी दोन महिन्यांच्या आत करंज्या तळत बसले, असं कुणी म्हटलं तर मी कुणाकुणाला सांगत फिरू, की बाई, तिनंच बजावलंय?

सुधीरचा फोन आला. "आई, या वर्षी साधंच ठेवू. आत्या नाही. तुम्ही दोघं पुण्यालाच या, बाहेर कुठंतरी जेवू."

"बाहेर जेवणं साधं, आणि घरात करणं साधं नाही?"

"तुला तळणाचा त्रास कशाला?"

"तळण हा त्रास असता तर तुझ्या आत्यानं तो कधीच माझ्या गळ्यात घातला असता. मजा होती म्हणून तिनं स्वतःकडं ठेवला."

तो हसला. मग म्हणाला, "बरं, आम्ही चोवीसला येतो. मटण आणू का येताना?" मी म्हटलं, "मटण तुझे बाबा भोरहून आणतील. त्यांचा खाटिक ठरलेला आहे, त्याच्याशी गप्पा मारल्याशिवाय त्यांना नाताळ आल्यासारखा वाटत नाही."

ठरलं म्हणजे ठरलं. अनारशाचा तांदूळ भिजवायचे दिवस आले तशी मी गोणपाटाची घडी उचलली. उचलताना थांबले जरा. तुमच्या बसण्याचा खळगा तिच्यात तसाच होता. झाकण उघडलं आणि आत काही नाही. घासून पुसून स्वच्छ, तळाला चार कडुलिंबाची पानं.

मी ह्यांना हाक मारली. "अहो, डब्यातला तांदूळ कुणी काढला?"

"मांजर?" हे म्हणाले. ऐकू कमी येतं, पण उत्तराची घाई फार.

मी तिथंच जमिनीवर बसले. आधी वाटलं, आजारपणात कुणीतरी शिजवून टाकला असेल. पण कोण शिजवणार? स्वयंपाक मीच करत होते. मग तुमचं ते बोलणं आठवलं, मी मेल्यावर कर. आणि माझी खात्री पटली की तुम्हीच कुणाला तरी देऊन टाकलात, मला मोकळं रान मिळावं म्हणून. म्हटलं, वन्सं, शेवटी माझं ऐकलंत म्हणायचं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. रडता रडता मी पोत्यातला नवा आंबेमोहोर मापानं काढला. तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, सावलीत पंचावर पसरला, ओलसर असतानाच कुटला, गूळ घातला, चमचाभर तूप घातलं, गोळा करून ठेवला. तुमचं एकही पाऊल चुकवलं नाही. फक्त तांदूळ माझा.

इथं एक गोष्ट मध्येच सांगते, कारण तांदूळ कुटताना सारखी तीच आठवत होती. माझा या घरातला पहिला नाताळ. लग्नाला सहा महिने झालेले. सासूबाई स्वभावानं कडक, तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुमच्याच आई. त्या म्हणाल्या, "नवी सून आहे, बसू दे कढईपुढं, कळू दे काय येतंय ते." मी दाराआड पदर खोचून तयार उभी होते. तुम्ही आतून म्हणालात, "नको आई. नवी सून आणि नवा तांदूळ, लगेच कढईत घालू नये. वर्षभर बसू दे तिला."

मला ते इतकं लागलं. वाटलं, मी कामाची नाही असं या नणंदेनं ठरवून टाकलं. गोठ्यात जाऊन रडले. त्या वर्षी मी फक्त करंज्यांच्या कडा दुमडल्या. पण त्या वर्षी मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, जळलं तर जळलं तुमच्या नावावर, बिघडलं तर तुमच्या. पुढच्या वर्षी तुम्ही न बोलता झारा माझ्या हातात दिलात. माझ्या दोन्ही बहिणींनी सासरी पहिल्या सणाला काय काय ऐकून घेतलं ते मला नंतर कळलं, आणि मग तुमचं ते वाक्य मला हळूहळू उलगडलं. मला उलगडलंय, हे मात्र मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. रोज इतकी बोलायची मी, तासन् तास, आणि नेमकं हे नाही. तुम्हीही कधी विचारलं नाहीत. आता म्हणते. ते वर्षभर बसणं मला फार उपयोगी पडलं, वन्सं.

तर चोवीस तारीख. सुधीर, रेश्मा दुपारीच आले. सुधीर चांदणी टांगायला ओट्यावर, हे पेटीचा भाता पुसत बसलेले, रेश्मा करंज्या लाटून तेलाच्या कढईत सोडतेय. शेव झाली, चिवडा झाला. धरणाकडून गार वारा यायला लागला तशी मी तुपाची छोटी कढई चढवली आणि पहिला अनारसा थापला. खसखशीवर थापला, खसखस वर ठेवून सोडला, तुमच्यासारखाच.

त्याच वेळी दार वाजलं. आळीतल्या पारूबाई, आपली शेजारीण कुसुम आणि आणखी दोघी. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट. एकीच्या ताटात पुरणपोळ्या, एकीच्या लाडू. का, तर या घरात यंदा कढई नसणार, नर्सबाईंच्या माघारी पोरं सणाची कोरडी राहतील, म्हणून.

पारूबाई उंबऱ्यात थांबल्या. नाक वर केलं. "शांताबाय, वास कशाचा येतुय?"

मी कढईपुढं, झारा हातात.

"आगं, माणूस जाऊन धड दोन म्हैनं न्हाईत झालं," त्या म्हणाल्या, "आन कढई?"

मी उत्तर शोधत कढईत बघितलं, तर तिथं अनारसा नव्हताच. तुपावर नुसती जाळी. कडेनं सुटत सुटत सगळा पसरला, खसखस वेगळी, गूळ वेगळा, आणि मध्ये एक भोक.

कुसुम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "हासलं वाटतं, काकी."

"दिसतंय मला," मी म्हटलं. दुसरा टाकला. तोही गेला. तिसऱ्याचं नुसतं काजळ झालं. आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. कशाचं ते मला नीट सांगता येणार नाही. पारूबाईंच्या बोलण्याचं थोडं, अनारशाचं थोडं, आणि सगळ्यात जास्त याचं, की तुम्ही डब्यावर बसून म्हणायला हव्या होत्या, "बघ, सांगितलं होतं," आणि डबा गप्प होता.

कुसुम म्हणाली, "थांबा हितंच," आणि ताट ठेवून पळत घरी गेली. परत आली ती स्टीलचा डबा छातीशी धरून. उघडला, तर अनारसे. गोल, खुसखुशीत, खसखशीनं भरलेले, एकसारखे तांबूस.

"हे कुणी केले?"

"म्या. पर म्या न्हाई." तिला धाप लागलेली. "नर्सआत्यांनी मला तांदूळ दिलता. तुमी आन काका औषधं आणाया भोरला गेलता ना, मी हितं बसले व्हते त्यांच्यापाशी, तवा. म्हनल्या, डबा उघड, सगळा घिऊन जा, नाताळच्या आधी भिजत घाल. कसं करायचं त्ये खाटंवरनं सगळं सांगितलं. दोनदा वदवून घेतलं माझ्याकडनं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

कुसुम जरा पारूबाईंकडं बघून, जरा हसत म्हणाली, "त्यांनीच बजावलं व्हतं. म्हनल्या, माझी भावजय नव्या तांदळाचं करनार. लई वर्सांची हौस हाय तिची. करू दे. बिघडलं की मग तू जा. त्याच्या आदी न्हाई."

वन्सं, मी रडता रडता थांबले आणि बघतच राहिले. खाटेवर झोपलेली बाई, श्वास पुरत नव्हता, आणि हा कारभार. माझी हौसही पुरवली, माझा नाताळही राखला, आणि भांडणही जिंकलात. वर चार लिंबाची पानं ठेवून गेलात, डब्याला कीड लागू नये म्हणून.

पारूबाई सगळं ऐकत होत्या. "म्हंजे कढई चढवाय बाईंनीच सांगितलं व्हतं?"

"पालथी ठेवलीस तर बघ, म्हणाल्या होत्या," मी म्हटलं.

"मग आदी न्हाई का बोलायचं?" त्यांनी ताट खाली ठेवलं. "त्यांचं आयकल्याबिगर माझं एक लेकरू जल्माला आलं न्हाई. आता मेल्यावर त्यांच्या शबदाबाहीर कोन जातंय? सरक तिकडं. करंज्या करपाय लागल्या तुझ्या." आणि त्या टेकल्या, सवयीनं तुमच्या डब्यावर. रिकामा डबा टणकन असा वाजला की ओट्यावरून सुधीर धावत आला. पारूबाई दचकून उठल्या, डब्याला हात जोडले, आणि पाटावर जाऊन बसल्या. मग बाकीच्या सगळ्या करंज्या त्यांनीच तळल्या. चांगल्या तळतात. जरा जास्त लाल करतात, पण मी काही बोलले नाही.

आपल्या ताटांचं काय झालं म्हणाल, तर मोठा घोळ झाला. त्यांची आलेली ताटं रिकामी परत करायची नाहीत, म्हणून आम्ही त्यांतच आमचा फराळ भरला. कुसुमच्या डब्यात काय घालावं कळेना. मी आधी करंज्या घातल्या, मग वर माझ्या अनारशाचा एक तुकडा ठेवला, जाळीचा. म्हटलं, हा तुझ्या गुरूच्या नावानं खा. ती म्हणते, चवीला बरा होता.

नाताळच्या सकाळी उपासनेहून आलो. जेवायला रस्सा, भाकरी, नव्या तांदळाचा भात, शेवयांची खीर आणि रेश्मानं केलेला केक. भात छान मोकळा नव्हता, पण वास काय सुटला होता. तेवढं नव्या तांदळाचं कबूल करा. जेवणाआधी प्रार्थना तुम्ही करायचात आणि रस्सा निवायचा. सगळ्या आळीतली माणसं, त्यांची दुखणी, कुणाची परीक्षा, कुणाची विहीर, काही सुटायचं नाही. या वर्षी ह्यांनी केली. दोन वाक्यं बोलले, अन्नाबद्दल उपकार मानले आणि आमेन म्हणाले.

सगळ्यांनी डोळे उघडून एकमेकांकडं बघितलं.

"बाबा, एवढंच?" सुधीर म्हणाला.

"का? काय राहिलं?"

"कुसुमवहिनीची म्हैस राहिली."

मग ह्यांनी पुन्हा डोळे मिटले. म्हैस झाली, पारूबाईंचा गुडघा झाला, सुधीरचं घराचं कर्ज झालं, आणि शेवटी ह्यांचा आवाज बसला. म्हणाले, "आणि आमची आक्का तुझ्याकडं आली आहे. तिला बसायला काहीतरी दे. खुर्ची नको." मी पदर तोंडाला लावला, पण ते हसू होतं. रस्सा निवला होता. कुणी तक्रार केली नाही.

अनारसा मी सगळ्यात शेवटी घेतला. तुमचाच. तंतोतंत तुमचा, वन्सं, फक्त कुसुमचा हात खसखशीला जरा आखडता आहे. पुढच्या वर्षी आम्ही दोघी मिळून करणार आहोत. तिला पद्धत माहीत आहे, मला चव माहीत आहे, आणि भांडायला दोघींना येतं.

आज सुधीर, रेश्मा परत जायला निघालेत. सकाळी मी पोतं उघडून यंदाचा आंबेमोहोर निवडला आणि डबा काठोकाठ भरला. लिंबाची तुमची पानं काढली नाहीत, वर चार नवी घातली. झाकण लावलं, गोणपाटाची घडी ठेवली. तेवढ्यात रेश्मा आली. गाडीला वेळ होता, चटकन काहीतरी शिजवून खाऊन निघावं म्हणत होती.

"आई, या डब्यातला तांदूळ घेऊ का दोन वाट्या? पोतं आत नेऊन ठेवलंय."

"आतला आण," मी म्हटलं, आणि डब्यावर बसले. लसूण घेतला सोलायला. बसायला तसं अवघड आहे, वन्सं, कड टोचते मांडीला. इतकी वर्षं तुम्ही कधी बोलला नाहीत.